तुळसा आणि उसना वारा

हिरव्यागार डोंगराच्या कुशीत, निळ्याशार तळ्याच्या काठी एक इटुकलं गाव होतं. गावाच्या टोकाला कुडाची झोपडी होती, आणि त्या झोपडीत आईबरोबर तुळसा राहायची. आई बांबूच्या टोपल्या विणायची. तुळसा शाळेआधी डोंगरावरून बांबू आणायची आणि शाळेनंतर दारोदार टोपल्या विकायची. कधी ताटात भाकरी असायची, कधी नुसती पेज. तरी गावात कुणाच्या दारात गेली, की हसूनच हाक मारायची.

तुळसाला धावायला फार फार आवडायचं. उद्या शाळेत तळ्याभोवतीची मोठी शर्यत होती. जिंकेल त्याला शहरातल्या क्रीडाशाळेत जायला मिळणार होतं. तिथे धावायला लाल मातीची गुळगुळीत वाट होती, शिकवायला ताई होत्या आणि रोज पोटभर जेवण होतं! पण तुळसाच्याच वर्गातली शर्वरी दरवर्षी पहिली यायची. तुळसाला आजवर एकदाही तिला मागे टाकता आलं नव्हतं.

संध्याकाळी टोपल्या विकून तुळसा बकुळीच्या राईतून परतत होती. सोनेरी ऊन पानापानांतून झिरपत होतं. इतक्यात तिला बारीकशी हाक ऐकू आली, "अगं, मला सोडव ना!"

कोळ्याच्या चंदेरी जाळ्यात एक चिमुकली परी अडकली होती. पंख गुलाबी, झगा मोरपंखी, केसांत दवाचे मणी! तुळसाने श्वास रोखला आणि नाजूक बोटांनी एकेक धागा सोडवला. परीच्या पंखाला एवढासाही ओरखडा आला नाही.

"गुणाची गं पोर!" परी म्हणाली. "माग, काय हवं ते."

"परीताई, मला उद्या वाऱ्यासारखं धावता येऊ दे!"

परी जरा गंभीर झाली. "देईन. पण नीट ऐक. पऱ्यांना नवा वारा करता येत नाही, फक्त उसना आणता येतो. तुझ्यासोबत धावणाऱ्यांच्या पायांतला वारा काढून मी तुझ्या पायांत घालीन. आणि तो परत करावासा वाटला, तर सगळ्यांसमोर खरं सांगावं लागेल. चालेल?"

तुळसाच्या डोळ्यांपुढे ती लाल वाट लखलखत होती. नीट विचार न करताच ती म्हणाली, "चालेल!"

दुसऱ्या दिवशी तळ्याकाठी रंगीबेरंगी पताका फडफडत होत्या. शाळेतल्या परदेशीबाईंनी शिट्टी फुंकली, आणि काय सांगावं! तुळसाचे पाय जमिनीला टेकेचनात. झाडं सर्रकन मागे पळू लागली. टाळ्यांचा कडकडाट झाला. तुळसा एकटीच पुढे, सगळ्यांच्या कितीतरी पुढे!

तळ्याच्या पलीकडच्या काठावर पोचल्यावर तिने मागे वळून पाहिलं. हरणासारखी धावणारी शर्वरी चिखलात रुतल्यासारखी पाय ओढत होती. तिचा चेहरा रडवेला झाला होता. सगळ्यांत धाकटी चिंगी तर मटकन खाली बसली आणि हुंदके देऊ लागली, "माझे पाय चालतच नाहीत गं!"

'ही कसली शर्यत? मी तर कुणाशी धावतच नाहीये,' तुळसाच्या मनात आलं.

ती थांबली. समोर वाट मोकळी होती, आणि दूर शेवटची लाल फीत दिसत होती. तरी ती वाटेतल्या एका वडाखाली उभी राहिली. सगळी मुलं धापा टाकत जवळ आली, आणि सगळ्यांत शेवटी आलेली चिंगी पुन्हा खाली बसली. तुळसा मोठ्याने बोलली, "ऐका! मी परीकडून जादू घेतली होती. तुमच्या पायांतला वारा माझ्याकडे आलाय. माझं चुकलं. परीताई, ज्याचा त्याचा वारा परत दे!"

सुऽऽ करत एक झुळूक तिच्या पायांतून निघाली आणि मुलामुलांत वाटली गेली. चिंगी टुणकन उठून उभी राहिली.

शर्वरीने कमरेवर हात ठेवले. "मला वाटलं, मला धावताच येत नाही आता!" ती रागाने म्हणाली. मग तुळसाच्या डोळ्यांतलं पाणी पाहून तिचा राग विरघळला. "पण तू थांबलीस. सांगितलंस. चला रे, सगळे एका ओळीत उभे राहा! आता इथूनच खरी शर्यत!"

मुलं खांद्याला खांदा लावून उभी राहिली. चिंगी ओरडली, "पळाऽऽ!"

आणि काय पळाली मुलं! तुळसाचे पाय आता जड होते, दुखत होते, पण ते तिचे स्वतःचे होते. शर्वरी पुढे गेली. तुळसाने गाठलं. पुन्हा शर्वरी, पुन्हा तुळसा. "ये ना, ये!" शर्वरी हसत ओरडली. "आलेऽऽ!" तुळसा ओरडली. दोघी वीजरेषांसारख्या चमकत आल्या, आणि लाल फीत तुळसाच्या छातीला लागली. शर्वरीपेक्षा फक्त बोटभर आधी!

तळ्याचा काठ दणाणला. सगळ्यांत आधी धावत आली ती शर्वरीच. तिने तुळसाचा हात उंच उंच धरला. "बाई, ही जिंकली! आणि अगदी खरी जिंकली!" मुलांनी बाईंना सगळी हकिगत सांगितली. बाईंनी तुळसाला जवळ घेतलं. "जिंकणारे पुष्कळ पाहिले गं, पण जिंकता जिंकता थांबणारी तूच! क्रीडाशाळेत तूच जाणार." गर्दीतून आई धावत आली आणि तिने लेकीला पोटाशी घट्ट धरलं.

तेवढ्यात आकाशातून बकुळीच्या फुलांची सर आली. तुळसाच्या केसांत, शर्वरीच्या ओंजळीत, चिंगीच्या नाकावर सुद्धा! फुलं अंगाला लागताच साऱ्यांचा शीण पळाला. फुलांमधून परी हसली, "तुळसा, ही भेट सगळ्यांना मिळून आहे, आणि हिला कसलीच अट नाही."

मग तिचे गुलाबी पंख उजळले, सोन्याचे झाले, उन्हाचे झाले. तळ्यावर लक्ष लक्ष ठिणग्या नाचल्या आणि परी त्या लखलखाटात विरून गेली. मुलांनी तुळसाला खांद्यावर घेतलं आणि जयजयकार करत पुन्हा एकदा तळ्याभोवती धाव घेतली. या वेळी शर्यत नव्हती, तरी कुणालाच थांबावंसं वाटेना.