मुठीचा सडा

थांबा पाहुणे, तांब्या तोंडाला लावू नका. आधी त्या कातळावर ओता. हसू नका, या सड्यावर, म्हणजे या उघड्या कातळमाळावर, येणाऱ्या प्रत्येकाला हे करावंच लागतं. फटीत ती तपकिरी, आक्रसलेली गुंडाळी दिसते ना, त्या रोपाला आम्ही मूठ म्हणतो. केरात टाकावी अशी दिसते खरी.

असं सांगतात की, फार मागे इथे तीन वर्षं पाऊस झाला नाही. गुरं जगवायला सगळं गाव खाली नदीकाठी उतरलं. वर एकटी आवडाबाई राहिली, आमच्याच गुरवाच्या घरची. कुणीतरी देवळात दिवा लावायला हवा, एवढंच तिचं म्हणणं.

खालच्या देशमुखाचा या रानावर जुना डोळा. गाव ओसाड पडलं कळताच त्याचा कारभारी चार गडी आणि हद्दीचे खुंट घेऊन भर उन्हात वर चढला. घसा कोरडा पडलेला. देवळाच्या पायरीवर आवडाबाई तांब्या घेऊन बसली होती. तिच्याजवळ म्हणे तेवढंच पाणी उरलं होतं.

"आण ते पाणी," कारभारी म्हणाला. "आणि ऊठ. हे गाव मेलं."

"कुणी सांगितलं मेलं?" बाई उठली आणि त्याच्या डोळ्यांदेखत तिने अख्खा तांब्या मुठीवर ओतला. "ही बी मेलीया म्हना की! बसा हितं. दिस मावळायच्या आत ही उघडली न्हाई, तर खुशाल खुंट ठोका. उघडली तर आल्या वाटंनं जायाचं. देवाम्होरं शबूद द्या."

गड्यांसमोर माघार कशी घ्यायची? कारभाऱ्याने पायरीला हात लावून शब्द दिला. दुपार झाली तरी काहीच हललं नाही. तो खुंटाकडे हात नेई, आणि बाई म्हणे, "दिस अजून हाय." मग एक काडी सैल झाली, तिच्यामागे दुसरी. ऊन कलेपर्यंत मुठीचा हिरवागार पंजा कातळावर पसरला होता. आधी गड्यांनीच पागोटी काढून हात जोडले. कारभारी खुंट तिथेच टाकून निघून गेला.

बाईने त्याच खुंटांवर चूल पेटवली. नदीकाठच्या माणसांनी धूर पाहिला आणि ती घागरी घेऊन वर धावली. दिवसभराची तहानलेली बाई, तिच्यापुढे पहिली घागर धरली, तर म्हणाली, "आधी तिला."

तेव्हापासून आजही इथलं पाणी आधी मुठीला, मग माणसाला. गेल्या साली मोटारीतून एक साहेब आले. म्हणाले, नुसता उजाड कातळ आहे, इथे खाण काढू. मी त्यांच्या हातात तांब्या दिला. म्हटलं, ओता आणि बसा. ते बसले नाहीत, निघून गेले. पुन्हा येतील, ठाऊक आहे मला. येऊ देत. तांब्या भरलेलाच असतो.