करमसीशेठचा दुसरा कॅमेरा

मिरजेला करमसीशेठच्या अंधाऱ्या दुकानात यास्मिन वापरलेला डिजिटल कॅमेरा घ्यायला गेली. दुसऱ्या दिवशी तिची लग्नाचे फोटो काढायची पहिली ऑर्डर होती. शेठने दोन कॅमेरे पुढे ठेवले. एकाचं शटर अडकत होतं आणि शेठला नेमका तोच खपवायचा होता. यास्मिनने दुसरा उचलताच तो हलक्या आवाजात म्हणाला, "तो नको, बाई. त्यात ज्याचा फोटो निघाला, तो माणूस वर्षभरात गेला. आतापर्यंत आठ जण गेले."

यास्मिनने कॅमेऱ्यातल्या कार्डावरचे फोटो एकेक करून पाहिले, मग स्क्रीन शेठपुढे धरली.

"शेठ, हा तुमचा फोटो. तारीख तीन वर्षांपूर्वीची आहे. मग आत्ता माझ्याशी कोण बोलतंय?"

शेठने नकळत स्वतःची नाडी चाचपली आणि तो कॅमेरा बांधून दिला.