तुपाची वात

"घरात उंदीर आहेत का रे?"

दामोदरपंत चपापले. त्यांनी विचारलं होतं अनुग्रहाबद्दल, आणि नरहरबुवा उंदरांची चौकशी करत होते.

पंतांच्या देवघरातला नंदादीप अकरा वर्षं विझला नव्हता. लांबलांबची माणसं तो बघायला येत आणि पंत त्यांना अकरा वर्षांची कथा ऐकवत, कुणी विचारो न विचारो. या पुण्याईवर बुवांचा अनुग्रह मिळावा, म्हणून आज नवरात्रातली अष्टमी गाठून ते मठात आले होते.

"असतील एखाददुसरा," ते म्हणाले. "कोकणातलं कौलारू घर. पण महाराज, दिवा..."

"तेलाचा?"

"छे! साजूक तुपाचा." पंतांची मान ताठ झाली. "तेलाला मी कधी हात लावला नाही."

"तूप उंदरालाही आवडतं."

पंत मनातल्या मनात हसले. दर नवरात्रात बुवांचं हेच. निरूपण संपलं, की बायाबापड्यांना थांबवून बजावायचे. दिवा पाण्याच्या परातीत ठेवा, उंदीर पेटती वात ओढून नेतो. पडदा लांब सारा. घरात माणूस असताना बाहेरून कडी घालू नका. गाव म्हणायचं, बुवा ब्रह्मज्ञान सोडून परातीचं पुराण लावतात. आणि पंतांना वाटायचं, हे अडाण्यांसाठी आहे, आपल्याला कशाला?

"परात ठेवलीस?"

"चांदीची समई आहे, महाराज. परातीत बरी नाही दिसत."

"माळ्यावर काय आहे?"

"पेंढा. थोडी नारळाची सोडणं, सुकी सालं, जळणाला..."

बुवांनी मठापुढच्या ओढ्यापलीकडे, पंतांच्या घराच्या दिशेला पाहिलं.

"घरी कोण आहे?"

"आई." आता मात्र पंतांचा आवाज खाली आला. "तिला हल्ली काही आठवत नाही. बाहेर पडली की वाट चुकते. म्हणून..."

"म्हणून?"

"बाहेरून कडी घालून आलोय."

"शेजारीपाजारी?"

"सगळे देवीला गेलेत..."

यातलं एकेक त्यांना ठाऊक होतं, पण सगळं असं एकापाठोपाठ त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. उठावं, तर गुरूंनी निरोप दिलेला नाही. बसावं, तर जीव थाऱ्यावर नाही.

बुवाच उठले आणि चालायला लागले.

चातुर्मासात बुवा ओढा ओलांडत नसत. चाळीस वर्षांचा नेम होता तो.

"महाराज, ओढा!" पंत ओरडले.

तोवर बुवा गुडघाभर पाण्यात होते. पलीकडे गेल्यावर सत्तरीचा तो म्हातारा कफनी खोचून चक्क पळत सुटला, आणि मागून पंत धापा टाकत. त्यांची नजर सारखी घराच्या कौलांकडे. तो धूर आहे, की ढग? ढगच असेल. एरवी उठता बसता देवाचं नाव घेणाऱ्या पंतांना त्या वाटेवर एकही नाव आठवलं नाही. फक्त आई आठवत होती.

घरी पोचले, तर आतून कुणीतरी दार धडाधडा वाजवत होतं.

पंत कडी उलटीच ओढत राहिले, ती निघेना. बुवांनी ती काढली.

दारातच आई उभी. पदर भिजलेला. मागे देवघरात समई आडवी पडलेली, जमिनीवर पाणीच पाणी. माळ्याच्या शिडीपाशी काळी पडलेली वात आणि शेजारी धुमसणारी गोधडी. बुवांनी आधी ती अंगणात ओढून काढली आणि तिच्यावर पाणी ओतलं.

"मेला उंदीर पेटती वात घेऊन शिडीकडे निघाला होता," आई त्यांना सांगू लागली. मग तिने मुलाकडे पाहिलं, परक्याकडे पाहावं तसं. "बाहेरून कडी कुणी हो घातली? मी केव्हाची हाका मारतेय."

तिच्याकडे बघवेना, म्हणून त्यांनी समईकडे पाहिलं, आणि बुवांचे पाय धरले.

"महाराज, दिवा विझला... माझ्या हातून पाप झालं. प्रायश्चित्त सांगा. उपास सांगा, जप सांगा, म्हणाल ते करीन."

बुवांनी म्हातारीची उजवी मूठ हलकेच उघडली. तळहात लालभडक झाला होता. बोटांवर फोड उठू लागले होते.

त्यांनी गार पाण्याची घागर पंतांपुढे सरकवली.

"हिच्या हातावर ओत, दामोदरा," ते म्हणाले. "धार तुटू देऊ नकोस."