दारावरची माती

त्या राज्याला एकच दार होतं, आणि ते दार मातीच्या भरवशावर चालत होतं.

राज्याभोवती करवंदीचं दाट कुंपण होतं. दाराशेजारी मातीची एक पाटी उभी केलेली असे. ज्याला आत येऊ द्यायचं नाही त्याच्या पावलाची खूण त्या पाटीवर उमटवायची, अशी तिथली रीत होती. सापाला पाय नाहीत, म्हणून त्याची नागमोडी रेघ. दारावर साळूआजोबा बसत. त्यांची नजर कधीच गेलेली होती. आलेल्याचं अंग चाचपायचं, मग पाटी चाचपायची, खूण जुळली तर काटे फुलवायचे आणि नाही जुळली तर "या, या" म्हणत दार उघडायचं, एवढंच त्यांचं काम. ते काम ते इमानाने करत. पाटीवर नसलेली शंका डोक्यात आणायची त्यांना सवय नव्हती.

टिटवीची पहिली अंडी सापाने खाल्ली होती. तेव्हा ती गवामहाराजांच्या दरबारात धाय मोकलून रडली. महाराज मनाने हळवे. त्यांनी तिथल्या तिथे सापाला बंदी घातली, भारद्वाजाने "हुकूम उमटला!" अशी हाळी दिली आणि पाटीवर रेघ आली. त्यानंतर साप एकदा येऊन नाकात काटा घेऊन परत गेला. टिटवीला वाटलं, सुटले बाई.

पुढे तिने गोट्यांच्या माळावर पुन्हा अंडी घातली. गोट्यांसारखीच ठिपक्यांची, पण तिला ती लांबूनही ओळखू येत. अशात एका सकाळी तिला कुंपणापलीकडे कोल्हा दिसला. तो नुसता बसला होता. पण एकदा पोळलेलं काळीज ते, त्याला कोल्ह्याचं बसणंही सोसवेना.

"अगं, इतक्यात कशाला दरबारात जातेस?" टिटवा म्हणाला. "तो काही करत तरी आहे का?"

"करेल तेव्हा जाऊ का?" टिटवी म्हणाली आणि गेली.

महाराजांनी याही वेळी ऐकलं. कोल्ह्याला बंदी झाली. हुकूम पाटीवर उतरवायचं काम कुंभारीण माशीकडे होतं, आणि तिच्याइतका सुबक हात साऱ्या राज्यात नव्हता. तिच्या घराण्याचा एक दंडक होता: खूण उमटवायची ती ओल्या, सारवून गुळगुळीत केलेल्या मातीवरच. खरबरीत मातीवर काम करणं म्हणजे आजीपणजीच्या नावाला बट्टा. तिने पाटीवर पाणी शिंपडलं, माती छान सारवली आणि मधोमध कोल्ह्याचा पंजा काढला. नखांची टोकंसुद्धा दिसत होती. भारद्वाजाने दरबारात हाळी दिली, "हुकूम उमटला!" महाराजांनी मान डोलावली. दारापर्यंत जाऊन पाटी बघायची तिथे पद्धत नव्हती.

टिटवीचा जीव भांड्यात पडला. अंडी घातल्यापासून ती आणि टिटवा आळीपाळीनेच उठत होते. त्या दुपारी मात्र दोघं जोडीने पाण्यावर गेली. पंख भिजवले, थोडं हसलीदेखील.

परत आली तेव्हा माळावर गोटेच गोटे होते. त्यांच्यामधून एक नागमोडी रेघ गेली होती.

टिटवी दाराकडे धावली. "साळूआजोबा, सापाला आत सोडलंत तुम्ही?"

"सोडलं की. पाटीवर कोल्हा आहे, बाई. साप कुठे आहे?"

तिने पाटीकडे पाहिलं. ओल्या मातीत कोल्ह्याचा देखणा पंजा होता आणि दुसरं काही नव्हतं. तो पंजा तिने स्वतः मागून घेतला होता. टिटव्याने तिला एका शब्दाने दोष दिला नाही, आणि तेच तिला सोसवेना. इतकं दुःख तिला पहिल्या अंड्यांच्या वेळीही झालं नव्हतं.

दरबारात महाराजांचेही डोळे भरून आले. "पण सापाला आम्ही बंदी घातली होती! सगळ्यांना आठवतंय." सगळ्यांना खरंच आठवत होतं. "पुन्हा घाला," महाराज म्हणाले. "आत्ताच्या आत्ता."

"महाराज, पण कोल्हा—"

"कोल्ह्याला बंदी आहेच, बाई. सकाळीच नाही का घातली?" भारद्वाज समजुतीने म्हणाला. दुःखाने तिचं भान सुटलंय, असं त्याला वाटलं.

या वेळी टिटवी दारापर्यंत गेली. शेजारची रानकोंबडीही पिल्लं घेऊन सोबत आली होती. "रडू नकोस गं," ती म्हणाली. "तुझ्यामुळे निदान आमची तरी पोरं राहतील."

कुंभारीण माशीने पाटीवर पाणी शिंपडलं.

"थांब!" टिटवी ओरडली. "तो पंजा पुसू नकोस!"

"ओल्या मातीला असा मध्येच हात लावू नये, बाई, भेगा पडतात," कुंभारीण मायेने म्हणाली आणि सारवू लागली. टिटवी ओरडतच राहिली. आधी नखं गेली, मग एकेक बोट, मग तळवा. कोऱ्या मातीवर नागमोडी रेघ उतरली, अगदी सुबक.

"हुकूम उमटला!" भारद्वाजाने हाळी दिली. सगळ्यांना हायसं वाटलं. रानकोंबडीने पंख उचलले आणि पिल्लांना उन्हात मोकळं सोडलं.

कुंपणापलीकडे कोल्हा उठला, त्याने अंगावरची धूळ झटकली आणि सावकाश दाराकडे चालू लागला.