कासवाच्या पाठीवरचे शेवाळ

पूर्वी वेतसपूर नगरीत सुबाहू नावाचा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व नगराबाहेरच्या तळ्यात कासव होऊन राहत होते. तळ्यावर शेवाळाची दाट हिरवी साय धरत असे. त्यावरच त्यांचा निर्वाह चाले. जुन्या कासवांच्या पाठीवर उगवते तसे थोडे शेवाळ त्यांच्या पाठीवरही उगवले होते.

एकदा पाऊस आलाच नाही. दुसऱ्या वर्षीही आला नाही. राजाची कोठारे रिकामी झाली. लोक झाडांच्या साली उकळून पिऊ लागले. वेणुका नावाची एक विधवा कोष्टीण आपल्या लहान मुलीला, कुंदाला, कडेवर घेऊन कमळाचे कंद शोधत तळ्यावर आली. कंद कधीच संपले होते. ती काठावर मटकन बसली.

बोधिसत्त्व म्हणाले, "लेकी, ही साय खा. मी हिच्यावरच म्हातारा झालो."

"बेडकांचं अंथरूण खाऊ होय, कासवबाबा?" वेणुका म्हणाली.

"बेडूक काही वाईट दिसत नाहीत," बोधिसत्त्व म्हणाले. "विरळ विणीच्या कापडानं गाळ. तापल्या वाळूवर पसरून वाळव. म्हशी डुंबतात तिथली मात्र घेऊ नकोस."

वेणुकेने तसे केले. वाळल्यावर हिरव्या पापडासारखे काहीतरी तयार झाले. वास चिखलाचा होता. कुंदाने तोंड वाकडे केले आणि खाल्ले. काही दिवसांनी तिच्या हातापायांत बळ आले. मग साऱ्या गावाने नाके मुरडली आणि सारे गाव कापडे घेऊन तळ्यात उतरले.

बोधिसत्त्वांनी एकच गोष्ट मागितली. पीक कापताना त्या गावात शेताचा एक कोपरा पाखरांसाठी राखण्याची चाल होती. "तसाच तळ्याचा एक कोपरा राखा," ते म्हणाले. "बी उरलं तर साय पुन्हा धरेल. नदीला पाणी आलं तरी धान्य लगेच येत नाही, तोवर हीच लागेल." लोकांनी त्या कोपऱ्याला वेताची दोरी बांधली आणि राखण वेणुकेकडे दिली.

तळे आटत गेले. दोरीबाहेरचे शेवाळ संपले. कुंदाला ताप आला आणि तिची मान लटकू लागली. भर दुपारी, काठावर कोणी नसताना, वेणुकेने दोरी सोडली आणि एक ओंजळ घेतली. तिने खरोखर एकच ओंजळ घेतली. पण सुटलेली दोरी लोकांनी पाहिली, आणि दिवस मावळेपर्यंत तो कोपरा खरवडून निघाला. भुकेल्या माणसांना काय बोलणार?

वेणुका बोधिसत्त्वांपुढे येऊन रडू लागली. "कासवबाबा, दोरी मी सोडली."

"पोर जगली का?" त्यांनी विचारले.

"जगली."

"मग घरी जा. तिला एकटी ठेवू नकोस."

दुष्काळात कासवे ओल्या चिखलात खोल शिरतात आणि पाणी येईपर्यंत निजून राहतात. बोधिसत्त्व मात्र उरलेल्या डबक्यात उन्हात पडून राहिले आणि पाठ भिजवत राहिले. वेणुकेने विचारले, "यंदा चिखलात का शिरत नाही?"

"तळ्यातलं सगळं गेलं. माझ्या पाठीवर थोडं हिरवं उरलंय. अंधारात ते मरेल."

"मग मी पदराची सावली धरते."

"सावलीतही ते टिकायचं नाही, लेकी."

वेणुका त्यांच्याजवळ नुसती बसून राही. दुसरे काही तिला करताच येईना. डबके तापत गेले. भोवतीचा चिखल दगडासारखा झाला, आता शिरू म्हटले तरी वाट उरली नाही. खायलाही काही नव्हते. पाठीवरचे शेवाळ मात्र त्यांनी शेवटपर्यंत ओले ठेवले.

अखेर पाऊस झाला. नदीचे पाणी पाटाने तळ्यात आले तेव्हा बोधिसत्त्वांचे प्राण नुकतेच गेले होते. त्यांच्या पाठीवरून हिरवे तंतू सुटले, पाण्यावर पसरले, आणि पुढचे पीक हाती येईपर्यंत गाव त्यावर जगले. वेणुका साय गाळी, वाळवी, सगळ्यांना वाटी. तिच्या स्वतःच्या घशाखाली मात्र तो घास कधी सहज उतरला नाही.

ही कथा तथागतांनी एका वृद्ध भिक्षुणीला सांगितली. ती रोज पात्रातला एक घास बाजूला ठेवी, आणि का ठेवते हे तिचे तिलाच कळत नसे. तथागत म्हणाले, "त्या वेळचे गावकरी म्हणजे आजचा हा संघ. कासव मी होतो. आणि वेणुका तू होतीस."

भिक्षुणीने विचारले, "आणि ती मुलगी?"

"नातवंडं पाहून, म्हातारी होऊन गेली," तथागत म्हणाले.

मग त्यांनी भिक्षूंना सांगितले की त्या जन्मी आपण क्षांतीची, म्हणजे सहन करून क्षमा करण्याची, पारमिता पाळली. भिक्षुणीने बाजूला ठेवलेला घास उचलला आणि रडत रडत खाल्ला.