कासवाला न कळलेला निरोप

या डोंगरावर पहिली पायवाट पडायच्याही आधी रानातले सगळे निरोप साळुंकी पोचवायची, झटपट आणि फुकट. प्रत्येक निरोप ती आधी कोल्ह्याला ऐकवते, हे कुणालाच माहीत नव्हतं. एकदा सशिणीने पिल्लं लपवलेली जागा बहिणीला कळवली आणि बहिणीच्या आधी तिथे कोल्हा पोचला. पिल्लं कशीबशी वाचली.

सशिणीने पिल्लांना दुसरीकडे हलवलं. या वेळी तिने पळसाच्या पानावर दातांनी खुणा केल्या. लहानपणी ठरवलेल्या त्या खुणा दोघी बहिणींनाच कळायच्या. पान तिने कासवाकडे दिलं.

वाटेत कोल्ह्याने पान हिसकावलं. त्याला काही कळेना. मग त्याने कासवालाच उताणं केलं.

"काय निरोप आहे? सांग, नाहीतर मर असाच उन्हात!"

"मला माहीत नाही."

"एवढ्या लांब घेऊन आलास आणि माहीत नाही?"

"मी विचारलंच नाही," कासव म्हणालं. "माहीत असतं, तर जिवाच्या भीतीने आत्ता सांगून टाकलं असतं."

कोल्हा पान फेकून चरफडत निघून गेला. कासव मोठ्या धडपडीने सुलटं झालं आणि पान घेऊन बहिणीकडे पोचलं.

"फार उशीर झाला," ते ओशाळून म्हणालं.

बहिणीने खुणा वाचल्या. "होऊ दे, कासवदादा," ती म्हणाली. "या वेळी तिथे पहिली मीच पोचणार."