ओंजळभर गौरीफळं

एकदा काय झालं, डोंगरावरच्या राक्षसिणीच्या रानात एक पोर शिरली. सोनकी तिचं नाव. तिथं गौरीफळं लागली होती, लालचुटुक, रसानं टच्च भरलेली. सोनकीनं मूठभर खाल्ली. झालं! राक्षसीण सोनकीच्या दारात हजर.

"माझी फळं खाल्लीस. आता दर चैत्रात माझी ओंजळ भरून द्यायची. एक जरी फळ कमी पडलं, तर पोरी, तू माझी."

आणि तिची ओंजळ केवढी? आपल्या परातीएवढी, बरं का! पांघरूण नीट घे रे.

सोनकीची आई भिवरा. घरात दोघीच. भिवरानं रानातून गौरीफळाचं ठोंब आणलं, परसात लावलं, शेणखत घातलं. चैत्रात झाड लगडलं. राक्षसीण आली, ओंजळ भरून घेऊन गेली.

मग पावसाळ्यात बुंध्यातून नव्या छड्या फुटल्या. हिरव्या, काटेरी, पण फळ म्हणाल तर एक नाही. भिवरा म्हणाली, "खायला काळ नि भुईला भार!" कोयता घेतला नि सपासप छाटल्या. फळं दिलेल्या जुन्या फांद्या मात्र जपल्या. वेडी गं वेडी! गौरीफळाची फांदी एकदाच फळते नि वाळते. पुढच्या साली फळते ती ही हिरवीच. तिला काय ठाऊक?

थंडीत जुन्या फांद्या वाळून गेल्या. सोनकी विचारायची, "आई, ती मला नेणार?" भिवरा लेकीला घट्ट जवळ घ्यायची.

चैत्र आला. गोठ्यामागं एक छडी कोयत्यातून सुटली होती. तिनं वाकून शेंडा मातीत खुपसला होता, तिथंही मूळ धरलं होतं. तिला फळं लागली होती. पण एका छडीला लागून लागून किती लागणार?

भर दुपारी जमीन हादरली. आली! तिनं ओंजळ पुढं केली.

मायलेकी तोडायला लागल्या. आधी ओंजळीचा तळ झाकला. मग काट्यांत हात घालून तोडली, ओंजळ बोटांपर्यंत आली. मग भिवरा मातीत आडवी पडली, पान न् पान उलटून तोडली. हात रक्तबंबाळ झाले. ओंजळ भरत आली, आणि वर एका फळाची जागा राहिली. एकाच!

छडीवर आता काही नव्हतं. राक्षसीण हसली नि सोनकीकडं वळली. भिवरा मधे पडली. "मला ने गं! लेकराला सोड!"

"एक कमी. पोरगी माझी."

सोनकीचा गाल फुगलेला होता. तोडता तोडता तिनं एक फळ तोंडात टाकलं होतं, नि भीतीनं ते गिळलंच नव्हतं. तिनं ते काढलं, ओंजळीवर ठेवलं. राक्षसीण मोठी हावरट. तिनं अख्खी ओंजळ तोंडात ओतली.

भिवरा ताडकन उठली. "माझ्या लेकीचं उष्टं खाल्लंस! लेकराचं उष्टं कोण खातं? आई, नाहीतर आजी. आई तर मी आहे. मग तू तिची कोण?"

राक्षसिणीनं तोंड पुसलं. विचार केला. बराच वेळ केला, बरं का. मग मटकन खाली बसली नि हळूच म्हणाली, "आजी?" आजवर तिला कुणी काही लागतच नव्हतं.

"मग आजी नातीला पळवते का गं?" सोनकीनं विचारलं.

"नाही गं बाय," राक्षसीण म्हणाली, आणि रडायलाच लागली.

आता दर चैत्रात ती येते, ओटीवर बसते. सोनकी पोटभर खाते, उरलेली आजीला देते. तिघी सुखात आहेत. तुम्हीही सुखात निजा. मिटा बघू डोळे.